धड एक, पंख दोन

भारताच्या हवाई सामर्थ्याच्या जडणघडणीशी माझा एकतीस वर्षं जवळून संबंध आला. हे वाक्य माझं नाही. माझ्या निरोपसमारंभात आमच्या प्राचार्यांनी ते उच्चारलं आणि समोरच्या मंडळींनी टाळ्याही वाजवल्या. ते अगदीच खोटं म्हणता येणार नाही. मी ज्या शासकीय तंत्रसंस्थेत भांडारपाल होतो, तिच्या आवारात एक लढाऊ विमान होतं आणि कागदोपत्री ते माझ्या ताब्यात होतं. मी स्वतः आजतागायत विमानाने प्रवास केलेला नाही. ताब्यातल्या विमानातही एकदाच चढलो. वैमानिकाच्या बैठकीखाली मांजर व्यालं होतं आणि प्राचार्यांना वास येत होता, म्हणून.

संस्था पडेगावच्या अलीकडे, दौलताबादच्या रस्त्याला. आमचं भांडार म्हणजे निजामाच्या काळातले घोड्यांचे तबेले. पोलीस ॲक्शननंतर घोडे गेले, तबेले शासनाकडे आले आणि शासनाने त्यांत लेथ, ऐरणी आणि मला ठेवलं. सगळ्यांत जुनी नोंदवही उर्दूत होती. मधल्या एका नोंदवहीत अक्षरं मराठी आणि आकडे उर्दू होते. राज्य बदललं तरी आकडे मोजणारा माणूस तोच राहिला असावा.

भांडारपालाचं काम बाहेरच्यांना कंटाळवाणं वाटतं, आणि ते तसंच आहे. जगातल्या वस्तू दोन प्रकारच्या. तेल, खिळे, खडू या संपणाऱ्या. टेबल, ऐरण, घड्याळ या न संपणाऱ्या. त्यांना जडवस्तू म्हणतात. जडवस्तूला नोंदवहीत एक क्रमांक मिळतो आणि तो पांढऱ्या तैलरंगाने तिच्या अंगावर लिहितात. वर्षातून एकदा वरच्या कार्यालयातून माणूस येऊन पडताळणी करतो. वहीत आहे ते आवारात असलं पाहिजे, आवारात आहे ते वहीत असलं पाहिजे. कमी निघालं तर भांडारपाल चोर. जास्त निघालं तर तो अधिक हुशार चोर, असं वरचे लोक धरून चालतात. वस्तू निकामी झाली की तिचं निर्लेखन होतं. म्हणजे आधी ती कागदावर मरते आणि मग प्रत्यक्षात जाते. माणसाच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो.

मी नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा संस्थेला विमान-देखभालीचा अभ्यासक्रम मंजूर झाला. शिक्षकांची पदं नंतर मंजूर व्हायची होती. ती मी निवृत्त होईपर्यंत व्हायचीच होती. विमान मात्र लगेच आलं. दक्षिणेकडच्या एका कारखान्यातून दोन लांब ट्रेलरवर, तीन तुकड्यांत: मधलं धड आणि सुटे केलेले दोन पंख. उतरवून घ्यायला आमचे हमाल सत्तारभाई होते. त्यांचे वडील याच तबेल्यात घोड्यांना खरारा करायचे. सत्तारभाईंनी विमानाभोवती एक चक्कर मारली, नाकावर थाप दिली आणि मला विचारलं, "मुळेसाब, इसकू उडाना है या बांधके रखना है?"

"बांधके रखना है."

"तो फिर जगह बराबर है."

सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: विमान, लढाऊ, जुने, नग १. मी तशीच नोंद घेतली.

पुढच्याच महिन्यात उद्घाटनाला मंत्री येणार असं कळलं. विमानाचा मूळचा चंदेरी पत्रा पावसाने मळला होता आणि शेपटीवर कसलीतरी अक्षरं आणि आकडे होते. प्राचार्य म्हणाले, "हे असं भंगारासारखं दाखवायचं?" मग वसतिगृहाच्या खिडक्यांचा उरलेला निळा रंग त्याला लावला. पंख जोडायच्या मोठ्या पिना कारखान्याकडून यायच्या राहिल्या होत्या. आम्ही पत्र पाठवलं, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. शेवटी समारंभाच्या दिवशी पंख डिझेलच्या पिंपांवर टेकवून धडाला भिडवून ठेवले आणि मधली फट झेंडूच्या माळांनी झाकली. मंत्री म्हणाले, या मातीतून उद्याचे वैमानिक घडतील. मातीने ते मनावर घेतलं नाही. आमच्याकडून फिटर बाहेर पडत आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत लागत. कामाला चांगले असत. विमानाला पुढे वर्षातून एकदाच माणसं भेटायची, खंडेनवमीला. लेथला हळद-कुंकू लावून झालं की त्यालाही लावायचे.

यानंतर मी जे केलं ते भांडारपालालाच सुचू शकतं.

पडताळणीला आलेल्या अधिकाऱ्याने आवारात फिरून मोजदाद केली. माळा सुकून गेल्या होत्या आणि पंख बाजूला निजवले होते. त्याने शेरा मारला: नोंदवहीत नग एक, प्रत्यक्षात तीन, दोन नग जास्त, खुलासा करावा. मी त्याला समजावलं की तिन्ही मिळून एक विमान होतं. तो म्हणाला, "होतं म्हणजे? आत्ता किती आहेत ते सांगा." मग मी जुनी नोंद लाल शाईने खोडली आणि नवी घातली: विमानाचे धड, नग १, विमानाचे पंख, नग २. तिघांना तीन क्रमांक. शेरा वगळला गेला. वरून माझ्या नीटनेटकेपणाबद्दल दोन बरे शब्दही आले. मी ते जपून ठेवले आहेत.

आता क्रमांक लिहायचे होते. आमच्यात एक रीत होती की जडवस्तूवर एकच क्रमांक असावा. दुसरा असला की पडताळणीवाले गोंधळतात. विमानावर तर जागोजाग बारीक पट्ट्या बसवलेल्या होत्या, पत्र्यावर ठोकलेले आकडे होते. दोन दुपारी बसून मी त्या पट्ट्या उचकटल्या आणि आकडे कानशीने घासून काढले. पंखांवर क्रमांक लिहायला पावसापासून आडोशाची जागा हवी होती. उड्डाणानंतर चाक वर ओढून घेतात, त्यासाठी पंखाच्या पोटात एक खोबण असते, ती मला पसंत पडली. डाव्या पंखाच्या खोबणीत हात घातला तर तारेचं एक टोक बोटात घुसलं. पकडीने ते ओढून काढलं, फेकलं, फडकं गुंडाळलं आणि आमचा क्रमांक टाकला. अक्षर माझं चांगलं आहे.

सात-आठ वर्षं गेली. अभ्यासक्रम कागदावर चालू होता. विमान कार्यशाळेच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाही असं नेऊन ठेवलं होतं. एके दिवशी सकाळी भांडाराच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीच्या पुढचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हातात रेक्झिनची पिशवी. हाताची बोटं मात्र शर्टाशी न जुळणारी, जाड आणि काळपट.

"साहेब, तुमच्याकडं इमान हाय म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"स्टँडवरचा च्यावाला."

"कोणतं पाहिजे?" मी विचारलं. आमच्याकडे दहा-बारा असल्यासारखं.

त्याने खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. तीन इंग्रजी अक्षरं आणि काही आकडे. खाली नाव: रंगनाथ खरात, मुक्काम लासूर स्टेशनजवळ. घरची मेंढरं राखणाऱ्या कुटुंबातला हा माणूस विशीत घर सोडून थेट दक्षिणेकडच्या त्या विमान कारखान्यात लागला होता आणि अजूनही तिथेच होता. सुट्टी टाकून आला होता.

"ह्या जातीची चारच इमानं झाली साहेब," तो सांगू लागला. "नमुन्याची. पयली नमुने करायचे, उडवून बघायचे, जमलं तर मंग शेकड्यानं काढायचे. जमलं नाय. पयलं शेतात उतरलं अन मोडलं. दुसरं एका छावणीच्या गेटावर खांबावर चढवलंय, म्या बघून आलो. रंग येगळा, नंबर भलत्याचाच. चौथं तर उडवलंच नाय. त्येच्या पंखावर वाळूची पोती टाकत गेले, पंख मोडंपर्यंत. कितीला मोडतोय ते बघाया. त्येचा जल्मच तेवढ्यासाठी."

"आणि तिसरं?"

"तिसऱ्यापायी तर आलोय."

त्याने माझ्या टेबलावरचे दोन बोल्ट उचलले. त्यांच्या डोक्यांत आरपार भोकं होती. स्वतःच्या खिशातून तारेचा तुकडा काढला, एका बोल्टातून ओवला, दोन्ही पदरांना पीळ देत दुसऱ्या बोल्टापर्यंत नेला आणि तिथे अडकवून टोक आत वळवलं. अर्धं मिनिट लागलं नसेल. पीळ शिवणीसारखा एकसारखा. "असं बांदलं का एक बोल्ट सैल व्हाया लागला तर दुसरा त्येला धरतोय," तो म्हणाला. "चाकाच्या पायाला असे दोन बोल्ट. डाव्या पायाचे म्या बसवलेले."

तिसरं विमान एकदा उतरताना डाव्या पायावर बसलं. वैमानिक वाचला, पण पाठीचा कणा गेला. पुन्हा उडाला नाही. एक बोल्ट निघून पडला होता, तो धावपट्टीवर कुणाला सापडला नाही. चौकशीत ठरलं की तार बांधलीच नव्हती. खरातांना विमानाच्या शेडमधून काढून सामानाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या शेडमध्ये टाकलं. चौकशी चालली तेव्हा त्यांना विमानाजवळ जायला मनाई होती, आणि नंतर विमान तिथे नव्हतं.

"चौकशीवाल्यातल्या एकानंबी खोबणीत मुंडी घातली नाय साहेब. समदं टेबलावर. दुसरा बोल्ट अजून जाग्यावर असंल. तार बांदलेली असंल तर तुटकं टोक त्येच्या भोकात असणार. नसली तर नसंल. माझं मला तरी कळंल. कधी कधी वाटतं, त्या दिशी खरंच राह्यली का काय."

मला या माणसाबद्दल काही वाटलं नाही असं नाही. पण मी नोंदवही उघडली. विमानाच्या पानावर त्याच्या चिठ्ठीतला क्रमांक कुठेच नव्हता. विमानावरून तो मीच घासून काढला होता, पण तेवढा विचार माझ्या डोक्यात आला नाही. वहीवर बोट ठेवून मी म्हणालो, "या क्रमांकाचं विमान आमच्याकडे नाही."

"मंग कोणत्या नंबरचं हाय?"

"विमानच नाही. विमानाचं धड आहे आणि पंख आहेत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग जरा हसून म्हणाला, "आवं साहेब, तेच की. नंबर कुणीतरी खरडला असंल."

हे मला लागलं. माझ्या भांडारात कुणीतरी काहीतरी खरडतं, असं एक बाहेरचा माणूस म्हणत होता. त्यातही वाईट म्हणजे तो बरोबर होता. "आमच्या वहीत नाही म्हणजे आवारात नाही," मी म्हणालो.

"नुसती नजर टाकू द्या. रंगावर न्हाय बघणार. रंगारी कुठलाबी नंबर टाकतोय. म्या पत्र्यावरल्या खिळ्यांच्या रांगा वळखतो. हातानं मारल्यात, डाव्या अंगाच्या उजव्या अंगाशी जुळत न्हाईत."

"त्याला प्राचार्यांची लेखी परवानगी लागते. ते मुंबईला गेलेत. परवा या."

"आज सांच्याला गाडी हाय माझी. सुट्टी सपली."

"मग पुढच्या वेळी या."

सत्तारभाई दारात उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "साब, दस मिनिट का काम है. मैं दिखाके लाता हूं." मी म्हणालो, "सत्तारभाई, नियम नियम असतो." हे वाक्य मी आयुष्यात अनेकदा वापरलं आणि एकदाही त्याचा कुणाला उपयोग झाल्याचं आठवत नाही. खरातांनी चिठ्ठी माझ्याकडेच ठेवली. "काय कळलं तर कार्ड टाका," म्हणाले. ती मी टाचून ठेवली. आलेला कागद मी कधी टाकत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी अभ्यासक्रम अधिकृतपणे बंद झाला आणि तिन्ही नगांचं निर्लेखन करण्याचा आदेश आला. लष्करी माल जसाच्या तसा विकायचा नाही, पुन्हा वापरात येणार नाही इतका तोडून द्यायचा, असा नियम. गॅसने ॲल्युमिनियम नीट कापलं जात नाही, वितळून चिकटून बसतं, म्हणून ठेकेदाराने कुऱ्हाडी आणि घण आणले. त्याला वाटलं होतं दीड दिवसात होईल. चार दिवस लागले. सत्तारभाई पहिल्या दिवशी दुपारीच घरी निघून गेले आणि रजेचा अर्ज नंतर दिला. मी चारही दिवस खुर्ची टाकून बसलो, कारण तुकडे माझ्या समक्ष झाल्याचा दाखला मला द्यायचा होता. तुकडे भट्टीत गेले. त्यांची पुढे पातेली झाली की दाराच्या कड्या, मला माहीत नाही. धडाच्या आणि पंखांच्या नोंदींपुढे मी "निर्लेखित" असं लिहिलं आणि दिनांक टाकला.

मी निवृत्त झालो, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी संस्थेने वर्धापनाची स्मरणिका काढायची ठरवली आणि माझ्याकडे जुनी छायाचित्रं मागितली. विमान आलं त्या दिवशी आमच्या आरेखनाच्या शिक्षकांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेलं एक होतं. ट्रेलर, दोर, सत्तारभाई, आणि मागे अजून रंग न दिलेली शेपटी. चष्मा पुसून बघितलं तर शेपटीवरचा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. चिठ्ठी शोधायला मला फार वेळ लागला नाही. माझं घर भांडारासारखंच लावलेलं आहे. अक्षरं तीच. आकडे तेच.

त्या दिवशी मी जेवलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवलो. पण जेवताना उजव्या हाताच्या त्या बोटाकडे माझं लक्ष गेलं आणि तारेचं टोक आठवलं. खरात भांडारात आले तेव्हा ते आठवलं नव्हतं. आठवलं असतं तर मी सांगितलं असतं का, याचं उत्तर मी स्वतःला देत नाही. पण एक गोष्ट मात्र तेव्हाच ध्यानात आली. त्या सकाळी मी त्यांना आत सोडलं असतं, तर त्यांनी विमान ओळखलं असतं, खोबणीत डोकं घातलं असतं, आणि भोक रिकामं पाहून परत गेले असते. उरलेलं आयुष्य स्वतःला दोषी मानत काढलं असतं. म्हणजे माझ्या उर्मटपणाचा माणसाला एकदा उपयोग झाला. त्यात माझं श्रेय काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मनमाडकडे जाणारी पॅसेंजर धरली आणि लासूर स्टेशनला उतरलो. खरात निवृत्त होऊन परतले आहेत, हे बाजार समितीच्या दारातल्या पहिल्याच माणसाने सांगितलं. "इमानवाले रंगनाथराव? त्या लिंबाच्या मागं." घर साधं, पुढे भावाची मेंढरं बसलेली. मला बघताच ते उठले. ओळखलं नसावं, पण छातीशी धरलेला लिफाफा बघून म्हणाले, "बसा. च्या घ्या आधी. वाईट बातमी हाय, तुमच्या तोंडावर लिवलंय."

चहा त्यांच्या पत्नीने आणला. "इमानाचंच असंल," त्या मला म्हणाल्या. "ह्यांच्यात दुसरं काय असतंय. समद्या सुट्ट्या इमानापायी घालवल्या. पोरीच्या लग्नाला मातर दोन दिस आधी आले, पाव्हण्यावानी."

"अगं, दोन दिस आधी आलो ना पण?"

मी छायाचित्र आणि चिठ्ठी शेजारीशेजारी ठेवली. त्यांनी छायाचित्र हातात घेतलं नाही. वाकून, लांबूनच, बराच वेळ बघितलं. मग मी सगळं सांगितलं: वही, निळा रंग, कानस, कुऱ्हाडी. नोकरीतले खुलासे लिहून लिहून मला सवय होती. तरी तोंडी खुलासा अवघड गेला.

"तोडाया किती दिस लागले?" त्यांनी विचारलं.

"चार."

"चार?" त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटलं, त्याला हसू म्हणावं लागेल. "मंग तिसरंच. आमी जड केलतं त्येला. दुसरं कुठलं दीड दिसात तुटलं असतं."

मग मी बोट पुढे केलं आणि तारेचं सांगितलं.

मेंढरांतलं एक खोकत होतं. रंगनाथराव माझ्या बोटाकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. जखम केव्हाच भरून गेली. "डावा पंख?" त्यांनी विचारलं.

"डावा. आमच्या वहीत डावा-उजवा वेगळा होता."

"टोक सुट्टं व्हतं का पिळाचं?"

"पिळाचं," मी म्हणालो.

ते म्हणाले, "मुळेसाहेब, म्या इचारलं म्हणून म्हणलात, का आठवतंय म्हणून?"

"आठवतंय."

आज हे लिहितानाही बोटात घुसलेलं टोक मला लख्ख आठवतं. पीळ आठवतो की रंगनाथरावांचा प्रश्न आठवतो, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. तरी आठ दिवसांनी तहसीलजवळच्या टंकलेखकाकडून मी प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि तेच शपथेवर सांगितलं. आयुष्यभर वहीत आहे ते खरं मानत आलो. हे वहीत नव्हतं.

प्रतिज्ञापत्र, छायाचित्राची प्रत आणि रंगनाथरावांचा अर्ज असं सगळं आम्ही कारखान्याला पाठवलं. अर्जात मागणी एकच होती: चौकशीतला ठपका काढून टाकावा. पद नको, भरपाई नको. रंगनाथरावांनी मला मसुद्यात एक वाक्य घालायला लावलं: वैमानिकसाहेबांच्या घरच्यांना कळवावे. मी म्हणालो, ते कुठे असतील कुणास ठाऊक. ते म्हणाले, "त्यांना ठावं असंल की. ते हापिस हाय."

उत्तर यायला सात महिने लागले. सरकारी कामाच्या मानाने ही घाई म्हणायची. मी पत्र घेऊन लासूरला गेलो आणि वाचून दाखवलं. सदर विमानाबाबत कोणतीही चौकशी झाल्याची नोंद या कार्यालयात आढळून येत नाही. सबब अर्जदारावर ठपका असल्याचे दिसून येत नाही व तो काढून टाकण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

"परत वाचा," रंगनाथराव म्हणाले. मी परत वाचलं.

"म्हंजी ठपका नाय?"

"नोंद नाही."

"नोंद नाय ते समजलं. ठपका?"

या प्रश्नावर माझं प्रशिक्षण नव्हतं.

"मंग अठ्ठावीस वर्सं ट्रॉल्या कामून केल्या म्या?" ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. आवाज चढला नाही. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. मग त्या आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, "जेवून जा मनावं त्यांना."

जेवताना त्यांनी वैमानिकाच्या घरच्यांबद्दल पत्रात काय आहे ते विचारलं. काही नव्हतं. शेवटी एक परिच्छेद मात्र होता, तो वाचायचा राहिला होता: आपण ज्या विमानाचा उल्लेख केला आहे, त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती आमच्या प्रदर्शन-दालनात ठेवण्यात आली असून इच्छुकांना ती कामाच्या दिवशी पाहता येईल.

रंगनाथरावांचा हात ताटावर थांबला. "हुबेहूब?"

"असं लिहिलंय."

"तिसऱ्याची?"

"तिसऱ्याचीच."

आता गुडघे साथ देत नव्हते, इतका लांबचा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. पण त्यांची मुलगी लग्नानंतर त्याच शहरात राहते. तिला फोन केला. "जा बाई, अन नीट बघून ये," त्यांनी सांगितलं. "डाव्या चाकाच्या पायाशी दोन बोल्ट असत्यात. त्येंच्यात तार दाखवलीय का बघ. दाखवली असंल तर कुणाला तरी ठावं हाय म्हणायचं."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लासूरला जाऊन बसलो. दालन रविवारी बंद असतं, म्हणून ती शनिवारीच जाऊन आली होती. फोन मीच घेतला, कारण रंगनाथरावांना आता कमी ऐकू येतं. मुलीने सांगितलं की प्रतिकृती छान आहे, रंग चंदेरी आहे, शेपटीवरचा क्रमांकही बरोबर आहे. विमान उडताना दाखवायचं म्हणून ती छताला टांगली आहे. त्यामुळे तिला चाकं केलेली नाहीत.